फीत कापली, पण काम संपले का?

पालघर रेल्वे स्थानकावरून पश्चिमेकडे निघालेला रस्ता वाड्यांच्या सावलीतून माहीमला पोहोचतो. नारळ-पोफळीच्या आड पानवेलींचे मांडव, केळीच्या बागा, पलीकडे समुद्र आणि काठावर जुन्या किल्ल्याचे अवशेष. आज माहीम हे पालघर तालुक्यातील एक गाव आहे. परंतु इंग्रजी अमदानीत या संपूर्ण तालुक्याचेच नाव माहीम होते. पुढे कचेरी पालघरला गेली आणि तालुक्याचे नावही बदलले. त्याहून जुना धागा महिकावतीच्या बखरीचा. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२४ मध्ये ही बखर संपादून प्रसिद्ध केली. तीतील महिकावती म्हणजे हे केळवे-माहीम की मुंबईचे माहीम, हा वाद अभ्यासकांनी घालावा. एक गोष्ट मात्र त्या बखरीच्या पानापानांतून दिसते. आपले घराणे कोणते, आपले वतन कोणते, आपली जमीन कोणती, याची नोंद राखून ठेवण्याची उत्तर कोकणातील माणसाची आस पुरातन आहे. राज्ये बदलली, परचक्रे आली. नोंदीचा आग्रह सुटला नाही.

आज ती नोंद बखरीत नाही, दप्तरातही नाही. ती संगणकात आहे. सातबारा नावाचा तो उतारा आता छापील कागदावर, सांकेतिक चौकोनासह हाती येतो. तो अद्ययावत, अचूक आणि सहज मिळावा यासाठी महाराष्ट्राने जो प्रकल्प राबविला, तो माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातील राज्यातील सर्वांत मोठ्या प्रकल्पांपैकी एक आहे. सुमारे ४४ हजार महसुली गावे आणि अडीच कोटींच्या आसपास सातबारे, हा त्याचा पसारा. या प्रकल्पाची कथा केवळ महसूल खात्याची नाही. एखादे मोठे काम आरंभापासून अखेरपर्यंत कसे न्यावे आणि ‘अखेर’ कशाला म्हणावे, याचा तो वस्तुपाठ आहे. पालघर जिल्ह्याला तर हा पाठ आज विशेष महत्त्वाचा आहे. मुंबई-अहमदाबाद जलदगती रेल्वे येथूनच जाते व तिचे एक स्थानक बोईसरला आहे. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग येथूनच जातो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. जेथे एवढे मोठे प्रकल्प येतात, तेथे भूसंपादन येते; आणि मोबदल्याचा धनादेश कोणाच्या नावे निघायचा, हे प्रथम सातबाराच सांगतो. त्यावरील एक चुकलेले नाव म्हणजे एका कुटुंबाची एका पिढीची हानी होय.

तीस वर्षांची वाटचाल

सातबारा म्हणजे दोन नमुने एकत्र. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख; त्यात खातेदार, क्षेत्र, आकार आणि इतर हक्क. गाव नमुना बारा ही पिकांची नोंद. त्यांच्यामागे उभी असते सहा नंबरची फेरफार नोंदवही. खरेदी, वारस, वाटणी, बोजा असा कोणताही बदल प्रथम फेरफारात येतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारावर बदल होतो. ही पद्धत संगणकाच्या कितीतरी आधीची आहे, आणि ती शहाणपणाची आहे. नोंद घेणारा एक, ती प्रमाणित करणारा दुसरा आणि मध्ये हरकतीचा अवकाश, अशी ही रचना.

या नोंदी संगणकात आणण्याचा केंद्र शासनाचा पहिला प्रयोग १९८८-८९ चा. देशातील आठ जिल्हे निवडले गेले. त्यांत महाराष्ट्राचा वर्धा होता. २००८ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील भूमी अभिलेख आधुनिकीकरणाची व्यापक योजना आली. त्यानंतर पुण्याच्या जमाबंदी आयुक्त कार्यालयाने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने ई-फेरफार प्रणाली उभारली. १ मे २०१८ या महाराष्ट्र दिनी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकार्पित झाला. वर्ध्यापासून या दिवसापर्यंत तीस वर्षे लागली. या काळात राज्यात काँग्रेसची, युतीची, आघाडीची अशी सर्व प्रकारची सरकारे येऊन गेली. तेव्हा दोष वा श्रेय एका पक्षाच्या पदरात घालून हा विषय मिटविणे सोपे असले, तरी ते प्रामाणिकपणाचे होणार नाही.

एवढा काळ का लागला? यंत्रे महाग होती, वीज नव्हती, जोडणी नव्हती, ही कारणे खरी आहेत, पण ती अपुरी आहेत. मूळ कारण असे की, आरंभीच्या टप्प्यात ‘संगणकीकरण’ या शब्दाचा अर्थच ‘टंकलेखन’ असा घेतला गेला. हस्तलिखित उताऱ्यावरची अक्षरे पडद्यावर आणली की काम झाले, असे मानले गेले. त्या अक्षरांत कित्येक वर्षांच्या खाडाखोडी होत्या, कंस करून वगळलेली नावे होती, अर्धवट राहिलेल्या वाटण्या होत्या. आठ-अच्या खात्याशी न जुळणारे क्षेत्र होते. गावचा तलाठी हे सारे डोक्यात ठेवून काम निभावत असे. यंत्राला असे निभावून नेता येत नाही. ते जसे दिले तसेच ठेवते. दप्तरातील संदिग्धता यंत्रात गेली आणि तेथे ती अधिकृत झाली.

माहीमसारख्या गावात या चुकीची झळ अधिक. वाडीची जमीन गुंठ्यांत मोजली जाते. एका सर्व्हे नंबरात अनेक पोटहिस्से, एका पोटहिश्श्यात अनेक भाऊबंद, त्यांतील काही मुंबईस स्थायिक, काही दिवंगत. अशा उताऱ्यावर एका नावाची जागा चुकली, तर कर्जाचा बोजा नको त्याच्या माथी बसतो. ‘इतर हक्क’ या रकान्यातील एक ओळ टंकताना गळली, तर कुळाचा किंवा एखाद्या विधवा बहिणीचा हक्क कागदावरून नाहीसा होतो. डोंगरपट्ट्यातील वनवासी बांधवाच्या जमिनीवर हस्तांतराचे जे कायदेशीर निर्बंध असतात, त्यांची नोंद त्याच रकान्यात असते. ती गळली तर त्याचे संरक्षणच गळते.

कर्नाटकाने काय निराळे केले

शेजारच्या कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्प २००० च्या सुमारास हाती घेतला आणि १७७ तालुक्यांतील सुमारे दोन कोटी अभिलेख अल्पावधीत संगणकावर आणले. तेथे यंत्रे काही निराळी नव्हती. निराळ्या होत्या त्या तीन गोष्टी.

पहिली म्हणजे हेतूची स्पष्टता. शेतकऱ्याला उतारा ताबडतोब मिळावा आणि फेरफार अधिकाऱ्याच्या मर्जीवर न राहता क्रमानेच व्हावा, एवढे दोनच हेतू ठरले. ज्याचा अर्ज आधी, त्याचे काम आधी, हा नियम प्रणालीतच बसविला गेला. वशिल्याने क्रम ओलांडणे अवघड झाले. दुसरी गोष्ट म्हणजे परतीचा मार्ग बंद करण्याचे धैर्य. ज्या तालुक्यातील नोंदी तपासून पूर्ण झाल्या, तेथे हस्तलिखित उताऱ्याची कायदेशीर मान्यता काढून घेण्यात आली. जुनी आणि नवी पद्धत दीर्घकाळ शेजारी-शेजारी चालू राहिली की माणसे जुन्याकडेच वळतात आणि दोहोंत तफावत पडत जाते. तिसरी गोष्ट म्हणजे सातत्य. राजीव चावला या सनदी अधिकाऱ्याने कल्पनेपासून अंमलबजावणीपर्यंत हा प्रकल्प स्वतः धरून ठेवला. दर दोन वर्षांनी नवा प्रमुख आणि प्रत्येकाची नवी कल्पना, हा आपल्याकडील सर्वपरिचित रोग तेथे टळला.

भूमी प्रकल्प निर्दोष होता असे नव्हे. परंतु त्याने सिद्ध केले की, माहिती तंत्रज्ञानाचा प्रकल्प मुळात माणसांचा आणि पद्धतीचा असतो. तंत्र हा त्यातील तुलनेने सोपा भाग. अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या अवाढव्य सॉफ्टवेअर प्रकल्पाचे नेतृत्व केलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच आपल्या ग्रंथातून हा अनुभव मांडला होता. रेंगाळलेल्या प्रकल्पात घाईने नवी माणसे ओतली की तो आणखी रेंगाळतो, हा त्यांचा निष्कर्ष पुढे नियम म्हणूनच रूढ झाला. कारण नव्या माणसाला काम समजावून देण्यात जुन्या माणसाचा वेळ जातो. मुदत जवळ आली म्हणून कंत्राटी टंकलेखक वाढविणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने हा नियम भिंतीवर लावण्यासारखा आहे.

चावडीवर झालेली परीक्षा

महाराष्ट्राच्या प्रकल्पातही एक सुवर्णक्षण आला, आणि तो आला तंत्रज्ञानातून नव्हे, परंपरेतून. २०१७ मध्ये राज्यभर ‘चावडी वाचन’ मोहीम घेण्यात आली. संगणकातील सातबारा गावच्या चावडीवर मोठ्याने वाचायचा, खातेदारांनी तो आपल्या जुन्या उताऱ्याशी ताडून पाहायचा, चूक निघाली तर तेथेच सांगायची. तलाठ्यांना दुरुस्तीसाठी प्रणालीत विशेष सोय दिली गेली. लेखनातील चुकांसाठी जमीन महसूल अधिनियमाच्या १५५ व्या कलमाचा आधार होताच.

या मोहिमेचे मर्म ओळखले पाहिजे. सॉफ्टवेअर क्षेत्रातील मोठमोठ्या कंपन्या ज्याला वापरकर्त्याची चाचणी म्हणतात आणि जीवर पाण्यासारखा पैसा खर्च करतात, ती येथे गावच्या पारावर, गावच्या भाषेत, विनाखर्च झाली. ज्याची जमीन, तोच तिचा सर्वोत्तम परीक्षक. नोंद गुप्त न राहता पंचांसमक्ष वाचली जावी, हा आपल्या ग्रामव्यवस्थेचा जुना संस्कार. तो कालबाह्य नसून अत्याधुनिक आहे, हे या मोहिमेने दाखवून दिले. खंत एवढीच की, जे पहिल्या वर्षी करावयास हवे होते ते पुष्कळ उशिरा झाले. शिवाय ज्या गावांत खातेदार आलेच नाहीत, तेथे वाचन झाले, पण ऐकले कोणी? संघकार्यात वृत्त देताना अपेक्षित किती आणि उपस्थित किती, असे दोन्ही आकडे द्यावे लागतात. शासकीय अहवालात बहुधा पहिलाच असतो.

नोंद एकदा शुद्ध केली की कायमची शुद्ध राहत नाही, हेही पुढे ध्यानात आले. खातेदार निवर्ततात, त्यांची नावे उताऱ्यावर तशीच राहतात. बुलढाणा जिल्ह्यातील प्रयोगानंतर २०२५ मध्ये राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेऊन मृतांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घ्यावे लागले, ते यामुळेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करण्याची सोय झाली. दोन्ही पावले योग्य दिशेची. प्रणाली ही बांधून मोकळे होण्याची इमारत नाही. ती पानवेलीसारखी आहे. वेल लावणे हा एका दिवसाचा सोहळा. ती चढविणे, बांधणे, पाणी देणे, उतरवून पुन्हा लावणे हे माहीमच्या बागायतदाराचे वर्षभराचे व्रत.

यंत्रावरचा अंधविश्वास

‘संगणकात तसे दिसते’ हे वाक्य आज गावोगावच्या कार्यालयांत अंतिम निर्णयासारखे उच्चारले जाते. त्याचा धोका किती भयंकर असतो, याचे उदाहरण इंग्लंडच्या टपाल खात्याने जगापुढे ठेवले आहे. १९९९ पासून तेथील टपाल शाखांत ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणक प्रणाली बसविण्यात आली. तिच्यातील दोषांमुळे शाखाचालकांच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली. यंत्र चुकत नाही, माणूसच चोर असला पाहिजे, असे मानून ९०० हून अधिक शाखाचालकांना दोषी ठरविण्यात आले. काहींना तुरुंगवास घडला, अनेकांची घरेदारे गेली. लंडनच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये प्रणालीतील दोष मान्य केले आणि शेवटी २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ज्या देशाने आपल्याला कारकुनी शिकविली असे आपल्याकडील काही विद्वान अभिमानाने सांगतात, त्या देशाची ही कथा.

बोध स्पष्ट आहे. प्रत्येक प्रणालीत माणसाची तक्रार ऐकणारा, यंत्राविरुद्ध पुरावा मान्य करणारा आणि ठराविक मुदतीत दुरुस्ती करणारा माणूस असलाच पाहिजे. तशी व्यवस्था नसेल, तर यंत्र वेगाने चालत असूनही तो प्रकल्प अपुराच राहिला, असे म्हटले पाहिजे.

तारापूरचे दोन धडे

माहीमपासून किनाऱ्याने उत्तरेस गेले की तारापूर लागते. या पट्ट्याला मोठ्या मोहिमा नव्या नाहीत. चिमाजी अप्पांनी वसईचे स्वप्न पाहिले, पण एकदम वसईवर सर्वस्व पणाला लावले नाही. जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे, तारापूर अशी उत्तरेची ठाणी एकेक करून घेतली आणि मग वसईचा निर्णायक वेढा घातला. त्या वर्षीच्या मे महिन्यात वसई पडली. मोठे उद्दिष्ट टप्प्यांत विभागावे, प्रत्येक टप्पा पक्का करूनच पुढे जावे, हे सूत्र आजच्या व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत वेगळ्या शब्दांत सांगितले जाते. तारापूरच्या तटाखाली बाजी भीवराव रेठरेकर यांच्यासारखा मोहरा पडला. ते सूत्र त्यांच्यासारख्यांच्या रक्ताने लिहिले गेले.

त्याच तारापूरला १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. ते अमेरिकी कंपनीने बांधून दिले आणि १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर इंधनाच्या प्रश्नावर अमेरिकेने हात आखडले. परावलंबी प्रकल्पाची दोरी दुसऱ्याच्या हाती असते, हा धडा देशाने घेतला. तेथीलच ५४० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या पूर्णतः भारतीय बनावटीच्या आहेत. चौथ्या भट्टीचे पहिले काँक्रीट मार्च २००० मध्ये पडले आणि ६ मार्च २००५ रोजी, नियोजित वेळेच्या सुमारे सात महिने आधी, ती कार्यान्वित होण्याचा निर्णायक टप्पा पार पडला. भारतीय अभियंता मुदतीत काम करू शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे सणसणीत उत्तर होते. संगणकाच्या क्षेत्रातही याचा प्रत्यय १९९१ मध्येच आला होता. अमेरिकेने महासंगणक नाकारल्यानंतर डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने स्थापनेनंतर अवघ्या तीन वर्षांत ‘परम’ उभा केला.

परंतु तारापूरचा दुसरा धडाही तितक्याच प्रामाणिकपणे वाचला पाहिजे. याच अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. भट्टी वेळेआधी झाली. पुनर्वसनाचे वाद मात्र पुढे अनेक वर्षे न्यायालयात रेंगाळले. मग प्रकल्प पूर्ण झाला की नाही? अभियंत्याच्या तक्त्यात झाला. आपले घर देशासाठी सोडणाऱ्या माणसाच्या तक्त्यात झाला नव्हता. राष्ट्राने दोन्ही तक्ते एकत्र वाचावयाचे असतात.

पूर्ततेची आपली व्याख्या

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एकात्म मानव दर्शनावरील आपली व्याख्याने एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिली. विकास पंक्तीतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला की नाही, हीच त्याची कसोटी, हा त्यांचा अंत्योदयाचा विचार कार्यकर्त्यांच्या तोंडी सतत असतो. तोच विचार माहिती तंत्रज्ञानाच्या प्रकल्पाला लावला तर पूर्ततेची नेमकी व्याख्या हाती येते. संकेतस्थळ सुरू झाले म्हणजे प्रकल्प पूर्ण झाला असे नाही. मंत्रिमहोदयांनी कळ दाबली, छायाचित्रे छापून आली, म्हणूनही तो पूर्ण झाला असे नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या, मोबाइल नसलेल्या, तालुक्याच्या गावी दोनदा येण्याइतके बसभाडे नसलेल्या खातेदाराला स्वतःचा अचूक उतारा मिळाला आणि त्यातील चूक कोणालाही चिरीमिरी न देता दुरुस्त झाली, त्या दिवशी तो पूर्ण झाला.

ज्यांनी कधी शिबिराची व्यवस्था सांभाळली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. निवास, भोजन, जल, विद्युत, चौकशी असे विभाग महिनाभर आधी लागतात. समारोपाला हजारो लोक येतात, भाषण होते, प्रार्थना होते, पाहुणे जातात. शिबिर मात्र तेव्हा संपत नाही. भांडी मोजून परत जातात, तंबूच्या खुंट्यांचे खड्डे बुजविले जातात, शेतमालकाला शेत होते तसे मिळते, पैशापैशाचा हिशेब लागतो आणि काय चुकले याची बैठक होते. तेव्हा ते संपते. समारोपाच्या व्यासपीठावर जो नव्हता, तो खड्डे बुजविणारा स्वयंसेवक शिबिराचा खरा व्यवस्थापक असतो. शासनाच्या प्रकल्पांत उणीव आहे ती त्याची.

ती उणीव समाजाने भरून काढावी, हे अधिक इष्ट. माहीम, केळवे, शिरगाव, बोईसर, तारापूर अशा प्रत्येक गावी चार सुशिक्षित तरुण आणि दोन निवृत्त कर्मचारी आठवड्यातून एक संध्याकाळ बसले, तरी खूप होईल. शेजारच्या पाड्यावरील प्रत्येक कुटुंबाचा सातबारा आणि आठ-अ काढून त्यांना वाचून दाखवावा. जुन्या उताऱ्याशी ताडावा. वारसनोंद राहिली असेल तर ई-हक्क प्रणालीतून अर्ज भरून द्यावा. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज लिहून द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून राज्यात आहे. मुदत मागण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, हे सांगावे. कोणाशी भांडण न करता, कोणाकडून एक पैसा न घेता हे करावे. तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, असे सहकार्य अडचणीचे न वाटता आधाराचेच वाटेल. कारण तोही एका माणसाच्या बळावर अनेक गावांचा भार वाहत असतो.

बंदर होईल, जलदगती गाडी धावेल, पालघरचा चेहरा बदलेल. त्या बदलाच्या दिवशी माहीमच्या एखाद्या वाडीतील म्हातारीच्या हाती आपल्या नावाचा बिनचूक उतारा असेल का, हा प्रश्न आज विचारला पाहिजे. तो असेल, तर पस्तीसहून अधिक वर्षांपूर्वी वर्ध्यात सुरू झालेले काम तिच्या अंगणात पूर्ण झाले, असे म्हणता येईल. तोवर फीत कितीही वेळा कापली, तरी काम चालूच आहे, असे समजून कामाला लागावे.